शाळेत कॅन्सर शिकवताना: किती सांगायचं, कसं सांगायचं, काय टाळायचं

प्रश्न असा आहे: १२ ते १५ वर्षांच्या मुलांना शाळेत कॅन्सरबद्दल शिकवायचंय. हाताशी तीन तासिका आहेत आणि शिकवणारे विज्ञानाचे शिक्षक आहेत. मुलं घाबरू नयेत, पण ‘व्यसन वाईट’ एवढंच ऐकून घरीही जाऊ नयेत. कुठून सुरुवात करावी?

सुरुवात धड्यापासून नको, वर्गातल्या मुलांपासून करा. जगात साधारण दर पाच माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होतो. तेव्हा चाळीस मुलांच्या वर्गात कुणाची आजी, कुणाचे काका, कुणाची आई या आजारातून गेलेली असणार किंवा सध्या जात असणार, हे धरूनच चाला. तुम्ही फळ्यावर ‘कॅन्सर’ लिहिता तेव्हा बाकीच्यांसाठी तो धडा असतो आणि त्या एका मुलासाठी घरची गोष्ट. तासाची आखणी त्याला डोळ्यांसमोर ठेवून करा.

त्यासाठी आठवडाभर आधी पालकांना एक छोटं पत्र पाठवा. कोणत्या दिवशी काय शिकवणार आणि काय दाखवणार नाही, हे त्यात लिहा. घरात सध्या कुणी आजारी असेल किंवा नुकतंच कुणी गेलं असेल तर वर्गशिक्षकांना कळवा, अशी विनंतीही करा. असं मूल कळलं की त्याच्याशी आदल्या दिवशी एकट्याने बोला; तासाच्या सकाळी बोललात तर त्याला विचार करायला वेळ उरत नाही. दाराजवळ बसायचं, मध्येच मित्राला घेऊन बाहेर जायचं, की त्या तासाला ग्रंथालयात थांबायचं, हे त्यालाच ठरवू द्या. ‘तुला कुणी काही विचारणार नाही’ हे स्पष्ट सांगा आणि पाळा. सगळ्यांसमोर ‘हिच्या घरी अनुभव आहे, ही सांगेल’ असं म्हणण्याइतकी मोठी चूक या विषयात दुसरी नाही, आणि ती चांगल्या हेतूनेच केली जाते.

इथे आणखी एक अवघड जागा आहे. काही घरांत मुलाला आजाराचं नावच सांगितलेलं नसतं. आईचे केस गेलेत आणि ती दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जाते, एवढंच त्याला माहीत असतं. तुमच्या तासात केमोथेरपीबद्दल, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधोपचाराबद्दल, ऐकलं की त्याला दोन अधिक दोन करायला वेळ लागत नाही. म्हणून पत्रात एक वाक्य घालाच: ‘उपचारांबद्दलही बोलणार आहोत, मुलाला घरातल्या आजाराची कल्पना दिली नसेल तर तासाआधी ती तुमच्याकडूनच मिळालेली बरी.’ शाळेने मात्र परस्पर काही फोडू नये.

आता पहिली तासिका. तंबाखूपासून सुरुवात केली की मुलांच्या मनात कॅन्सर म्हणजे शिक्षा, हे समीकरण बसतं. त्यामुळे आधी पेशी घ्या. शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. जुन्या मरतात, नव्या तयार होतात. प्रत्येक वेळी पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून चुका राहतात. बहुतेक चुका पेशी स्वतः दुरुस्त करते, आणि दुरुस्त होत नसतील तर बऱ्याचदा ती पेशीच मरते. वाढ सुरू करणारी, वाढ थांबवणारी आणि दुरुस्ती करणारी अशा वेगवेगळ्या जनुकांत एकाच पेशीत एकामागून एक बिघाड साठत गेले की ती पेशी थांबायचं विसरते. म्हणूनच कॅन्सर उतारवयात जास्त आढळतो. चुका साठायला वर्षं लागतात.

यानंतर मुलांच्या हातात कॅल्क्युलेटर द्या आणि १ हा आकडा दुप्पट करत जायला सांगा. दहाव्या वेळी १,०२४ येतात, विसाव्या वेळी १०,४८,५७६ आणि तिसाव्या वेळी १,०७,३७,४१,८२४, म्हणजे १०७ कोटींच्या वर. इतक्या पेशींची गाठ साधारण १ सेंटीमीटरची आणि १ ग्रॅमच्या आसपास भरते. बोटाला लागण्याजोगी होईपर्यंत गाठीने तीस दुपटी पार केलेल्या असतात. पुढच्या दहा दुपटींत त्याच हिशोबाने एक किलो होतं. (खऱ्या गाठीत बऱ्याच पेशी मरतही असतात, त्यामुळे वाढ इतकी काटेकोर नसते, हे सांगून टाका.) ‘लवकर निदान’ हे शब्द दहा वेळा घोकून जे कळत नाही, ते या पाच मिनिटांत कळतं.

उरलेल्या वेळात फाशांचा खेळ घ्या. तो नीट खेळला तर अख्ख्या विषयाचा कणा उभा राहतो, म्हणून तपशिलात सांगतो. ३० मुलं, ३० फासे, प्रत्येकाला एक कागद; तो कागद म्हणजे एक पेशी. दहा-दहाचे तीन गट. एकूण १२ फेऱ्या, आणि एक फेरी म्हणजे पाच वर्षं असं धरायचं. फाशावर ६ पडला की कागदावर एक फुली, म्हणजे दुरुस्त न झालेली एक चूक. चार फुल्या झाल्या की ती पेशी बिघडली. पहिला गट प्रत्येक फेरीत फासा एकदा टाकतो. दुसरा गट धूम्रपान करणाऱ्यांचा, तो प्रत्येक फेरीत दोनदा टाकतो. तिसरा गट पहिल्या चार फेऱ्यांत दोनदा टाकतो आणि मग एकदा; यांनी धूम्रपान सोडलं आहे.

संभाव्यतेचं गणित केलं तर चार फुल्यांपर्यंत पोचण्याची शक्यता पहिल्या गटात साधारण १२ टक्के, दुसऱ्यात ५८ टक्के आणि तिसऱ्यात २७ टक्के येते. दहा-दहांच्या गटांत म्हणजे अंदाजे एक, सहा आणि तीन. तुमच्या वर्गात आकडे थोडे हलतील, क्वचित उलटेही येतील. तसं झालं तर लपवू नका, दुसऱ्या तुकडीचे निकाल त्यात मिळवा आणि नमुना मोठा झाला की चित्र कसं स्थिरावतं ते दाखवा. मात्र हे टक्के खेळाच्या नियमांतून आलेले आहेत, खऱ्या आयुष्यातल्या धोक्याचे नाहीत, हे फळ्यावर लिहूनच ठेवा. नाहीतर एखादं मूल घरी जाऊन सिगारेट ओढणाऱ्या वडिलांना ५८ टक्के सांगेल.

खेळ संपल्यावर चर्चेला किमान दहा मिनिटं ठेवा, कारण मुद्दे तिथेच निघतात. पहिल्या गटातल्या एखाद्याने काहीही ‘चुकीचं’ केलं नव्हतं, तरी त्याच्या चार फुल्या भरल्या. तेव्हा आजारी माणसाला ‘तुझ्याच सवयीमुळे झालं’ असं म्हणता येत नाही. दुसऱ्या गटातले चौघे सुटले. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढायचे, त्यांना काही झालं नाही’ या नेहमीच्या युक्तिवादाचं उत्तर हेच आहे, आणि ते मुलांकडूनच येऊ द्या. तिसऱ्या गटाचा निकाल सांगतो की सोडल्याने धोका बराच कमी होतो, पण जुन्या फुल्या पुसल्या जात नाहीत.

खेळात एक पथ्य पाळा. कागदावर मुलाचं नाव नको, ‘पेशी क्रमांक ७’ असं लिहा. ‘अरे, तुला कॅन्सर झाला!’ अशी आरोळी उठली की खेळ फसला. आनुवंशिकता दाखवण्यासाठी एखाद्याला सुरुवातीलाच एक फुली देण्याची कल्पना चांगली आहे. सगळ्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्के थेट आनुवंशिक बदलांमुळे होतात. पण वर्गात कुणाची आई किंवा वडील आजारी असतील तर ही पायरी गाळा आणि तेवढंच तोंडी सांगा.

दुसरी तासिका कारणांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्याजोगे आहेत. हे सांगताना दुसरा अर्धा भागही सांगा: उरलेले टाळता येत नाहीत, आणि तो कुणाचा दोष नाही.

मुलं इंटरनेटवर ‘याने कॅन्सर होतो’च्या याद्या वाचून आलेली असतात. त्यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण समजावून द्या. ही संस्था जागतिक आरोग्य संघटनेचा भाग असून फ्रान्समधल्या ल्यों शहरात आहे. एखाद्या गोष्टीने माणसाला कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का असेल तर ती ‘गट १’मध्ये जाते. तंबाखू, मद्य, सुपारी, सूर्यप्रकाश आणि प्रक्रिया केलेलं मांस, सगळं गट १मध्ये आहे. पण गट पुराव्याची खात्री सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. प्रक्रिया केलेलं मांस आणि सिगारेट एका गटात आहेत म्हणून ती सारखीच घातक ठरत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाला एवढं कळलं तर पुढे आयुष्यभर बातम्या वाचताना त्याचा उपयोग होईल.

तंबाखूवर बोलताना सडलेल्या तोंडांचे, काळ्या फुप्फुसांचे फोटो वापरायचा मोह टाळा. भीती घालायची आणि हातात काहीच द्यायचं नाही, असं झालं की माणूस मान फिरवतो, विषयच टाळतो. मुलंही तेच करतात. शिवाय तीस वर्षांनी होणारा आजार चौदाव्या वर्षी खरा वाटत नाही. या वयाला जवळचं काय वाटतं? दम लागणं, तोंडाचा वास, हातखर्च, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आपल्याला कुणीतरी फसवतंय ही जाणीव. तंबाखूची सवय लागलेल्यांपैकी बहुतेकांनी सुरुवात अठरा वर्षांच्या आत केलेली असते, आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं. २००६ साली अमेरिकेतल्या संघीय न्यायालयाने निकालात म्हटलं की मोठ्या सिगारेट कंपन्यांनी धूम्रपानाच्या परिणामांबद्दल अनेक दशकं जनतेची दिशाभूल केली. हा निकाल वर्गात सांगा आणि मग एखाद्या जाहिरातीतले रंग, चेहरे, चवींची नावं मुलांना सोलून काढू द्या. ई-सिगारेटही यातच घ्या. तिच्यात बहुतेकदा निकोटिन असतं आणि कोवळ्या मेंदूला त्याची सवय पटकन लागते.

त्यानंतर नकार देण्याचा सराव घ्या, आणि तो खरोखर तोंडाने बोलून घ्या. तिघांचा गट, एकजण आग्रह करतो, एकजण नाही म्हणतो, तिसरा ऐकतो. ‘नको’ म्हणून तिथून निघणं, कारण न देणं, विषय बदलणं, मित्राला बाजूला उभं करणं, हे सगळं जिभेवर बसलं पाहिजे. ‘आई-वडिलांचं व्यसन सोडवून दाखवा’ असा गृहपाठ मात्र कधीही देऊ नका. सुटलं नाही तर मूल ते स्वतःचं अपयश मानतं.

मद्याबद्दल एवढं पुरे की शरीरात त्याचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन होतं, ते डीएनएला इजा करतं, आणि तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन अशा किमान सात ठिकाणच्या कॅन्सरशी मद्याचा संबंध आहे. ऊन: अतिनील निर्देशांक (उन्हातले अतिनील किरण किती तीव्र आहेत ते सांगणारा आकडा) ३ किंवा त्याहून वर असेल तर सावली, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे. गोऱ्या त्वचेला धोका बराच जास्त असतो.

लशींचा भाग उत्साहाने शिकवा, कारण इथे सांगायला चांगली बातमी आहे. हिपॅटायटिस बी या विषाणूवरच्या लशीने त्या विषाणूमुळे होणारा यकृताचा कॅन्सर टळतो. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे मुलांमधल्या यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण घटलेलं दिसलं. दुसरी लस एचपीव्ही या विषाणूवरची. या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो हे दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८चं नोबेल मिळालं. लस २००६पासून वापरात आहे आणि ९ ते १४ हे वय त्यासाठी मुख्य मानलं जातं, कारण विषाणूशी संबंध येण्याआधी दिलेली लस सगळ्यात चांगलं काम करते. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून संसर्ग होऊच शकत नाही. अनेक देशांत ती मुलग्यांनाही देतात. हाच विषाणू घशाच्या काही कॅन्सरला कारण ठरतो. म्हणून हा भाग मुलींना बाजूला बोलावून शिकवू नका. मुलगे-मुली एकत्र बसल्या की त्यात लाजण्यासारखं काही नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

शाळेतच लसीकरण असेल तर: किशोरवयात टोचल्यावर चक्कर येणं नेहमीचं आहे आणि ती सुईच्या धास्तीने येते, औषधाने नव्हे. म्हणून बसवून टोचा, नंतर १५ मिनिटं बसवून ठेवा आणि रांगेतल्या बाकीच्यांना ते दिसणार नाही अशी आडोशाची जागा ठेवा. एकीला भोवळ आलेली दहाजणींनी पाहिली की आणखी तिघींना येते, आणि मग अफवा लशीच्या नावाने फिरते.

तिसरी तासिका लक्षणं, उपचार आणि आजारी मित्राची. लक्षणांची लांब यादी दिली की रात्री अर्धा वर्ग स्वतःची मान चाचपत बसतो. त्यापेक्षा नियम शिकवा: कारण सापडत नाही, दोन-तीन आठवड्यांत जात नाही, किंवा वाढत चाललंय, असं काही असेल तर मोठ्या माणसाला सांगायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. उदाहरणं चार-पाच पुरे: कमी न होणारी गाठ, न उतरणारा ताप, मार न लागता उठणारे निळे डाग, रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं, सकाळी उलटीसह डोकं दुखणं. आणि लगेच जोडा की अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा साधंच कारण निघतं. दाखवायचं ते खात्री करण्यासाठी.

स्तनांची दरमहा ठराविक पद्धतीने तपासणी मुलींना शिकवावी का, हे नेहमी विचारलं जातं. शाळेत नको. शांघायमध्ये सुमारे २ लाख ६६ हजार महिला कामगारांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २००२) अशा तपासणीने स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. निरुपद्रवी गाठींसाठीच्या बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासण्या, मात्र वाढल्या. किशोरवयातल्या गाठी जवळजवळ सगळ्या साध्या असतात. आपल्या शरीराचं नेहमीचं रूप माहीत असावं आणि बदल वाटला तर सांगावा, एवढं पुरतं. हेच मुलग्यांनाही सांगा. वृषणाचा कॅन्सर तरुणांमध्येच जास्त होतो, सहसा न दुखणाऱ्या गाठीने सुरू होतो आणि वेळेत दाखवला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. लाजेपायी महिने वाया जातात, त्यामुळे शिक्षकांनी हा शब्द वर्गात न अडखळता उच्चारणंच अर्धं काम करतं.

उपचारांत केस का जातात, याचं उत्तर मुलांना पहिल्या तासातूनच सापडतं. केमोची औषधं भराभर दुभंगणाऱ्या पेशींना गाठतात; केसांच्या मुळांच्या, तोंडातल्या अस्तराच्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही भराभर दुभंगतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं, जंतुसंसर्ग पटकन होतो. केस बहुतेकदा परत येतात. मुलांचे कॅन्सर मोठ्यांपेक्षा वेगळे असतात, सवयींमुळे होत नाहीत, आणि श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जातं, ते निदान उशिरा झाल्याने, उपचार परवडत नसल्याने किंवा अर्धवट सुटल्याने. मुलांना हा फरक सांगा. त्यांना अन्याय कळतो.

उपचार घेणारं मूल वर्गात असेल तर शिक्षकांनी दोन गोष्टी पाठ ठेवाव्यात. रक्ताच्या कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकारात उपचार दोन-तीन वर्षं चालतात आणि त्यातला बराच काळ मूल शाळेत येऊ शकतं. त्या काळात त्याला ३८ अंश सेल्सिअस किंवा वर ताप आला तर लगेच पालकांना फोन करा. शाळेने परस्पर तापाची गोळी देऊ नये, कारण ताप झाकला जातो आणि संसर्ग आत वाढत राहतो. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी त्याच्या घरी कळवा. कांजिण्या पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, म्हणून ‘उद्या सांगू’ चालत नाही.

बाकीच्या मुलांना सांगायचं ते थोडकं आहे: कॅन्सर हात लावल्याने, शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. त्याला ‘बिचारा’ म्हणू नका, टोपी ओढू नका, खेळात आधीसारखंच बोलवा, नाही म्हणाला तर उद्या पुन्हा बोलवा. आणि शिक्षकांनी ‘झुंज अपयशी ठरली’ ही वर्तमानपत्री भाषा वर्गात आणू नये. ज्याचे वडील गेले ते मूल त्यातून एवढंच ऐकतं की बाबा कमी पडले.

तिन्ही तासांना कोपऱ्यात एक प्रश्नपेटी ठेवा आणि प्रत्येक मुलाने चिठ्ठी टाकायचीच असा नियम करा. ज्याला प्रश्न नाही त्याने ‘प्रश्न नाही’ लिहायचं. त्यामुळे खरोखर विचारणारं मूल उठून दिसत नाही. चिठ्ठ्या तुम्ही आधी वाचा, मग वर्गात घ्या. ‘मी आईवर रागावलो म्हणून तिला झालं का?’, ‘मलाही होणार का?’, ‘ती गेली तर माझं कोण करणार?’ असे प्रश्न निघतील. पहिल्याचं उत्तर ठाम ‘नाही’. रागाने, विचाराने, भांडणाने कॅन्सर होत नाही. दुसऱ्याचं: बहुतेक कॅन्सर आई-वडिलांकडून येत नाहीत, तुझ्या घरातल्या आजाराबद्दल डॉक्टर नेमकं सांगू शकतील. तिसरा प्रश्न वर्गासमोर वाचू नका. अक्षर ओळखून त्या मुलाला शोधा आणि समुपदेशकांसोबत त्याच्याशी व त्याच्या घरच्यांशी बोला. ‘सगळं ठीक होईल’ असं वचन कुणालाही देऊ नका, कारण ते पाळणं तुमच्या हातात नाही. ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ हे चालतं, फक्त पुढच्या तासाला खरोखर सांगा.

शिकवल्याचा परिणाम पाहायचा तर तेच आठ-दहा प्रश्न आधी, लगेच नंतर आणि सहा आठवड्यांनी विचारा. ‘कॅन्सरची तीन कारणं लिहा’ यातून फक्त पाठांतर कळतं. त्याऐवजी प्रसंग द्या: मैत्रिणीच्या मानेला महिनाभर गाठ आहे, दुखत नाही, ती म्हणते कुणाला सांगू नकोस, तू काय करशील? मित्र म्हणतो, शेजारच्या काकांना कॅन्सर आहे, त्यांच्या घरी पाणी पिऊ नको, त्याला काय सांगशील? सोबत एक ओळ रिकामी ठेवा: या विषयाची भीती आधीपेक्षा वाढली, कमी झाली, की तेवढीच आहे? भीती वाढली असं अनेकांनी लिहिलं तर पुढच्या तुकडीला शिकवण्याआधी दुसरी तासिका पुन्हा तपासा. दोष बहुधा तिथेच सापडतो.